सभागृहाला अंगण हवे

 

इंदापूर तालुक्यातल्या तुमच्या गावाचे नावच कळस. असे नाव ऐकले की माणसाची मान आपोआप वर जाते. पण आज मला तुम्हांला वर न्यायचे नाही, खाली न्यायचे आहे. जोत्यापाशी, पायरीपाशी, आणि पायरीला लागून जी मोकळी जागा असते तिच्यापाशी. कारण गावाने सभागृह वाढवायचे ठरवले की सगळ्यांचे लक्ष छपराकडे जाते आणि अंगण कधी गेले ते कुणाला कळतही नाही.

बहुतेक गावांतले सभागृह तुम्ही डोळ्यांपुढे आणा. लांबट खोली, एका टोकाला ओटा, वर पत्रा, बाजूंना उंचावर लहान खिडक्या, आणि समोर एक लोखंडी शटर. हुबेहूब धान्याच्या गोदामासारखे. गाव वाढले, लग्नकार्ये वाढली, ग्रामसभेला आणि शाळेच्या संमेलनाला माणसे मावेनाशी झाली, की ठराव येतो: सभागृह मागे वीस फूट वाढवावे. कंत्राटदाराला ते सोपे असते. त्याच भिंती पुढे न्यायच्या, तोच पत्रा लांबवायचा. काम झाले की खोली लांब होते, मागच्याला काही दिसत नाही, आवाज घुमतो, आणि बाहेरच्या मोकळ्या जागेचे वीस फूट कमी होतात. म्हणून माझे सांगणे असे, की सभागृह मागे वाढवू नका. ते मैदानाकडे उघडा. वाढवायचे ते भिंतीने नव्हे, ओसरीने वाढवा.

हे काही परक्या मुलखातून आणलेले शहाणपण नाही. आपल्या जुन्या देवळांचा सभामंडप पाहा. गाभारा बंद, काळोखी, चारपाच माणसांपुरता. त्याच्यापुढे मंडप, तो खांबांवर उभा आणि बाजूंनी मोकळा. त्याच्यापुढे आवार, आणि आवारात पार. कीर्तनाला मंडप भरला की माणसे पायरीवर बसतात, पायरी भरली की आवारात. कुणाला आत यायचे नसेल, कुणाला मधूनच उठून गुरांकडे जायचे असेल, त्याचीही सोय होते. कितीतरी ठिकाणी जुन्या दगडी गाभाऱ्यापुढे पेशवाईत लाकडी मंडप जोडलेले आहेत. तेही वाढीव बांधकामच की! पण ते करणाऱ्या सुताराने आवाराशी असलेले नाते तोडले नाही.

तुमच्या तालुक्यात तर याहून मोठा दाखला आहे. आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, पुढे बेलवाडीला गोल रिंगण. हजारो माणसे, आणि भिंत एकही नाही. तरी प्रत्येकाला घोडा दिसतो. कसा? पुढचे बसतात, मागचे उभे राहतात, त्यांच्या मागचे उंचवट्यावर चढतात, आणि मधली जागा सगळे मिळून मोकळी ठेवतात. प्रेक्षागृहाच्या शास्त्रातला पहिला धडा वारकऱ्यांना कुणी शिकवावा लागत नाही.

आता एक बांधलेले उदाहरण सांगतो. गोव्यात पणजीला, कांपाल भागात, मांडवीच्या काठी कला अकादमीची इमारत आहे. चार्ल्स कोरिया या स्थापत्यकाराने तिचा आराखडा केला आणि १९८३ साली ती पूर्ण झाली. आत दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचे बंदिस्त नाट्यगृह आहे, हजाराच्या आसपास आसनांचे. शिवाय पायऱ्यापायऱ्यांचे खुले नाट्यगृह आहे, त्यात सुमारे दोन हजार माणसे बसतात. पण कोरियांची खरी करामत दोहोंच्या मधल्या जागेत आहे. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला नदी. मधे इमारत उभी केली तर नदी झाकली जाणार. म्हणून त्यांनी तळमजला पुष्कळसा मोकळाच ठेवला. रस्त्यावरून येणारा माणूस तिकीट न काढता सावलीतून चालत पार नदीपर्यंत जाऊ शकेल अशी ती रचना आहे. नाटक नसले तरी तिथे माणसे बसावीत, म्हणजे इमारत दिवसभर गावाच्या उपयोगी पडते.

त्याच इमारतीने आणखीही एक गोष्ट शिकवली, ती कडू आहे. दुरुस्तीचे मोठे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. सुदैवाने खाली कुणी नव्हते. समुद्राकाठची खारी हवा आणि गोव्याचा पाऊस आपल्याकडे नाही हे खरे. पण उघड्यावरचे काम ऊनपावसाने लवकर झिजते, त्याची देखभाल दरवर्षी करावी लागते, हे बांधतानाच पंचायतीच्या हिशेबात धरले पाहिजे.

दूरची दोन नावेही सांगून टाकतो. नॉर्वेत ऑस्लो शहरी २००८ साली संगीतनाट्यगृह उघडले, त्याचे छप्पर उतरत उतरत पाण्याच्या कडेला टेकते आणि लोक त्यावरून फिरायला जातात. ब्राझीलमध्ये साव पावलो शहराच्या इबिरापुएरा बागेत ऑस्कर नीमायर यांनी आखलेले नाट्यगृह २००५ साली झाले. त्याच्या रंगमंचाच्या पाठीमागच्या भिंतीत सुमारे वीस मीटर रुंदीचा दरवाजा आहे. आतला कार्यक्रम असला की तो बंद. बाहेरचा असला की तो उघडायचा. मग तोच रंगमंच बागेतल्या हिरवळीवर बसलेल्या हजारो लोकांकडे तोंड करतो. याला मी दुतोंडी रंगमंच म्हणतो. दुतोंडी माणूस वाईट, पण दुतोंडी रंगमंच गावाला फार सोयीचा. वीस मीटरचा दरवाजा आपल्याला परवडणार नाही आणि लागणारही नाही. घडीची पाचसहा झडपांची दारे गावचा लोहार किंवा फॅब्रिकेशनवाला करून देईल.

तेव्हा सभागृह मैदानाकडे दोन रीतींनी उघडता येते. एक, लांब बाजूच्या भिंतीत रुंद दारे काढून, त्यांच्यापुढे खोल ओसरी आणि ओसरीपुढे बसण्याच्या पायऱ्या. दुसरी, रंगमंचाची पाठ उघडून. दोन्ही करता आल्या तर उत्तम. एकच करायची असली तर पहिली करा. दुसऱ्या रीतीत नटांना रंगायला आणि कपडे बदलायला रंगमंचामागची जागा राहत नाही, ती बाजूला द्यावी लागते, आणि त्यात खर्च वाढतो. ओसरी मात्र बाराही महिने कामी येते. दुपारी म्हातारी माणसे बसतील, संध्याकाळी पोरे अभ्यासाला बसतील, पोलिओ डोस द्यायला आलेल्या ताई तिथेच टेबल मांडतील.

आता आवाजाविषयी. इथे शिक्षकांनी जरा कान द्यावा, कारण हा भाग वर्गात शिकवण्याजोगा आहे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ च्या सुमारास एक नवे व्याख्यानगृह बांधले, आणि त्यात बोललेले कुणाला कळेना. एक शब्द उच्चारला की तो सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर वक्त्याचे पुढचे दहाबारा शब्द त्याच्यावर येऊन आदळत. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण अध्यापकाला सांगितले, याचे काहीतरी करा. त्याने ऑर्गनची एक नळी घेतली, वेळ मोजण्याचे घड्याळ घेतले, आणि रात्री रस्ते निजले म्हणजे जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या आणून मांडायच्या, किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते ते मोजायचे, आणि सकाळच्या आत गाद्या परत न्यायच्या, असा उद्योग सुरू केला. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरतात. पण गादी हे काही माप होत नाही. एक जाड, एक पातळ. मग सॅबाइनने माप कोणते धरले असेल? उघडी खिडकी! खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी जागा म्हणजे आवाज पूर्णपणे गिळणारा एक चौरस मीटर.

हे सूत्र आपल्या सभागृहाला लावू. लांबी १८ मीटर, रुंदी ९, उंची ५. घनफळ ८१० घनमीटर. जमीन, छत आणि भिंती मिळून पृष्ठभाग ५९४ चौरस मीटर. फरशी, सिमेंटचा गिलावा आणि पत्रा आवाज फार थोडा गिळतात. शंभरात चार भाग धरू. म्हणजे ५९४ पैकी गिळणारे झाले सुमारे २४. घनफळाला ०.१६१ ने गुणा आणि २४ ने भागा. उत्तर येते सुमारे साडेपाच सेकंद. हार्वर्डच्या त्या बिघडलेल्या व्याख्यानगृहाइतकेच! आता शंभर माणसे येऊन बसली. माणूस आणि त्याचे कपडे मिळून अर्ध्या चौरस मीटरच्या जरा आत धरले, तर २४ चे ६९ होतात आणि घुमणे दोन सेकंदांच्या किंचित आत येते. आणि मैदानाकडच्या बाजूला तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच अशी पाच दारे उघडली, तर आणखी साडेसदतीस चौरस मीटर मिळतात. घुमणे सव्वा सेकंदावर येते. बोलणे स्पष्ट कळायला साधारण तेवढेच लागते. छताला महागडे फळे ठोकण्याआधी भिंतीत दारे काढा असे मी म्हणतो ते यासाठी.

उलट सभागृह मागे वाढवले तर काय होते? टाळी वाजवून सतरा मीटरवरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येतो हे सातवी-आठवीच्या मुलाला ठाऊक असते. लांबी अठरावर असताना ती चोवीसवर नेणे म्हणजे वक्त्याच्या समोर त्याचाच एक जुळा भाऊ उभा करणे. मग तो ओरडतो, मग कर्णा मोठा करतात, आणि मग कुणालाच काही कळत नाही. बारामतीला मोरोपंत पुराण सांगत, त्याला अडीचशे वर्षे होत आली. त्यांना कर्णा नव्हता. तेव्हाची बैठकच माणसाच्या आवाजाच्या बेताने केलेली असे.

आता ऊन. मैदानावरच्या माणसांचे तोंड कोणीकडे हवे? संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड केले तर सूर्य डोळ्यांत. सकाळी झेंडावंदनाला पूर्वेकडे तोंड केले तरी तेच, आणि पोरे डोळे चोळत उभी. म्हणून शक्य असेल तिथे रंगमंच मैदानाच्या उत्तर अंगाला असावा आणि बसणाऱ्यांनी उत्तरेकडे तोंड करावे. सूर्य मग सकाळी उजवीकडे, संध्याकाळी डावीकडे. मे महिन्यात तो मावळताना थोडा उत्तरेकडे सरकतो, पण तेवढे एका कडुनिंबाने भागते. ओसरीवर दुपारचे पश्चिमेचे ऊन येणार असेल तर त्या बाजूला झाडे लावा. करंज, कडुनिंब चालतील. वड-पिंपळ मात्र जोत्यापासून लांब. सावली मोठी देतात, पण मुळांना इमारत आणि डोंगर यांतला फरक कळत नाही.

पायरीचे माप नीट लक्षात ठेवा. चढायची पायरी सहा इंच आणि बसायची पायरी दीड फूट. ही दोन मापे एकात घालू नयेत. जोते तीन फूट असेल तर दीड दीड फुटाच्या दोन बैठका होतात. त्या अडीच फूट तरी रुंद असाव्यात, म्हणजे मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत जात नाहीत. मधेमधे चढायच्या पायऱ्या. आणि एका कडेने उतार: एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट झाले. इतकी लांबी ऐकून कंत्राटदार म्हणेल, आठ फुटांत बसवतो. आठ फुटांच्या उतारावरून चाकाची खुर्ची वर जात नाही, खाली मात्र भरधाव येते. जागा कमी असेल तर उतार मधे वळवून घ्या, उभा करू नका.

पायाची गोष्ट थोडक्यात. आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनी इमारत आपल्या जागी बसलेली असते. नवी ओसरी पुढची काही वर्षे बसत राहणार. दोन्ही एकमेकींना घट्ट जोडल्या तर सांध्यावर तडा ठरलेलाच. म्हणून ओसरीचे खांब स्वतंत्र, पाया काळी माती काढून मुरुमापर्यंत नेलेला, आणि जुन्यानव्याच्या मधे इंचभर फट, वरून पत्र्याची पट्टी. जुन्या भिंतीवर नव्या छपराचे ओझे टाकू नये. तसेच पन्हळ. या टापूत वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तो पडला तर ५० हजार लिटर होतात. थोडे वाया गेले तरी आवारातली झाडे जगवायला पुष्कळ.

इथपर्यंत मापे झाली. पण सभागृह अंगणाकडे उघडायचे की नाही, हे मापांनी ठरत नाही. ते ठरते मोकळ्या जागेवर कुणाचा डोळा आहे त्यावरून.

गावठाणातली मोकळी जागा कुणालाच रिकामी पाहवत नाही. कुणी म्हणतो गाळे काढू, पंचायतीला भाडे येईल. कुणी म्हणतो तारेचे कुंपण घालू. कुणी काहीच म्हणत नाही, नुसता ट्रॅक्टर लावून ठेवतो. गाळ्यांना माझा सरसकट विरोध नाही, पंचायतीलाही पैसा लागतो. पण गाळे रस्त्याच्या बाजूला काढा, मैदानाच्या तोंडावर नकोत. तोंडावर एकदा गाळे आले, की मागचे मैदान ही दुकानांची परसबाग होते आणि तिथे खोकी साठतात.

आणि बायाबापड्यांचा विचार करा. बंद सभागृहात ग्रामसभा भरते तेव्हा पुरुष शटरच्या दारातच उभे असतात. त्यांच्यातून वाट काढून आत जायचे आणि पुढे जाऊन बसायचे, हे सुनेला सोपे नाही. ती येतच नाही, आली तर भिंतीआड उभी राहते. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. पण मुख्य सभेत तिचे म्हणणे तिनेच मांडावे असे वाटत असेल, तर तिला आत येण्याच्या पाच वाटा द्या. ओसरीवर बसलेली बाई सभेतही असते आणि अंगणात खेळणाऱ्या पोरावर तिचा डोळाही असतो. आणखी एक. पूर्वी गावच्या सभेत कोण कुठे बसायचे हे जातीने ठरे, आणि काहींची जागा पायरीखालीच असे. म्हणून ओसरी बांधताना ती दुय्यम जागा होणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. आतले जोते आणि ओसरीचे जोते एकाच पातळीत घ्या, मधे उंबरा ठेवू नका. फरशीही तीच वापरा. आतल्यांना संगमरवर आणि बाहेरच्यांना कोबा, असे नको. स्वच्छतागृह आणि दिवे हे शेवटी पैसे उरले तर, असेही नको. अंधाऱ्या मैदानात कुणी बाई कार्यक्रमाला थांबत नाही, मग तुमचा दुतोंडी रंगमंच दोन्ही तोंडांनी पुरुषांकडेच पाहत राहील.

तुमच्यापैकी काही म्हणतील, उघडे ठेवले की कुत्री येतात, दारुडे येतात, पत्त्यांचा डाव बसतो. खरे आहे. पण पत्त्यांचा डाव बंद सभागृहाच्या मागच्या अंगालाच जास्त बसतो, कारण तिकडे कुणी पाहत नाही. ओसरी शाळेच्या किंवा वर्दळीच्या वाटेकडे तोंड करून असली की येणाऱ्याजाणाऱ्याची नजर हाच पहारा. रात्री दारे घडी घालून बंद करता येतात. ओसरी उघडी राहील, ती राहू द्या.

हे सगळे ठरणार कुठे? ग्रामसभेत. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी पुरते. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे गावाच्या मैदानाचा निकाल लावू शकतात. त्या शंभरांत तुम्ही असा. आणि कागदावरचा नकाशा पाहून हात वर करू नका. नकाशातली रेघ बारीक असते, भिंत जाड असते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सभेच्या आदल्या आठवड्यात सातवीच्या मुलांना बरोबर घ्या, टेप घ्या, आणि क्रीडास्पर्धेला मारतो तशी फक्की मैदानावर मारा. एका रंगाने मागे वाढवलेले सभागृह, दुसऱ्या रंगाने ओसरी, पायऱ्या आणि छत्तीस फुटांचा उतार, सगळे खऱ्या मापाने. कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. मग संध्याकाळी सहाच्या सुमारास गावातल्या म्हाताऱ्यांना, बायांना, पोरांना बोलवा आणि त्या रेघांत बसवा. एकाला रंगमंचाच्या जागी उभे करून कर्ण्याशिवाय बोलायला सांगा. शेवटच्या ओळीतल्याला ऐकू येते का, सूर्य कुणाच्या डोळ्यांत जातो, पालखीच्या किंवा जत्रेच्या दिवशी गाड्या कुठून वळणार, बाजाराच्या दिवशी पाल कुठे पडणार, हे एका मुलीने वहीत लिहून घ्यावे आणि तीच वही ग्रामसभेत वाचावी. फक्की कोरड्या दिवसांत दोनतीन दिवस टिकते. मधे पाऊस झाला किंवा शेळ्या फिरल्या, तर पुन्हा मारावी लागेल. म्हणून अर्धे पोते जास्त आणून ठेवा.